एकशे तीसच्या अलीकडे

सकाळी साडेसहाला कारखान्याच्या फाटकाशी असलेल्या वजनकाट्यावर धुकं असतं. अठरा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद लोखंडी प्लेट जमिनीच्या पातळीत बसवलेली आहे. धुक्यात ती साचलेल्या पाण्यासारखी दिसते. पहिला ट्रक येतो तेव्हा आधी दोन फिकट दिवे दिसतात, मग घरघर ऐकू येते आणि सगळ्यात शेवटी ट्रक दिसतो. काचेच्या खोलीत लाल आकडे धावतात, डगमगतात, थांबतात. आतला माणूस चिठ्ठी छापून खिडकीतून हात बाहेर काढतो. ट्रक पुन्हा धुक्यात विरघळतो.

या माणसाला ड्रायव्हर काटेदादा म्हणतात. वय एकोणपन्नास, उंची एकशे ऐंशी सेंटिमीटर. बावीस वर्षं तो याच खोलीत बसतो. खुर्ची मात्र तिसरी आहे. आधीच्या दोन त्याच्या खाली मोडल्या. दुसरी मोडली तेव्हा एका ड्रायव्हरने खिडकीतून डोकावून विचारलं होतं, "काटेदादा, रिकामे उतरलात की भरलेले?" त्याने जमिनीवर बसल्याबसल्या त्याची चिठ्ठी छापून दिली होती.

गाड्या नसतात तेव्हा तो प्लेटकडे बघत बसतो. कशाचं वजन किती, हे त्याच्या डोक्यात आपोआप येतं. प्लेटवर उतरलेल्या कबुतरांच्या थव्याचं. पत्र्याच्या छपरावरून घरंगळत येणाऱ्या उन्हाचं. दवाचं वजन त्याने एकदा खरंच काढलं होतं: कोरडी प्लेट आणि धुक्यात भिजलेली प्लेट यांत दीड ते चार किलोंचा फरक पडतो. काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने आकडे दाखवतो, त्यामुळे ट्रकवाल्यांना या फरकाशी घेणंदेणं नाही. तो मात्र दिवसातून दोनदा, पहिल्या गाडीआधी आणि जेवणानंतर, शून्याचं बटण दाबतो. "शून्य बघितल्याशिवाय मी चिठ्ठी देत नाही," हे त्याचं वाक्य ड्रायव्हर त्याच्याच आवाजात म्हणून दाखवतात.

त्याचा थोरला भाऊ एक्कावन्नाव्या वर्षी गेला. तोही असाच अंगाने मोठा. भावाने विमा उतरवला होता. एजंटने फॉर्मवर वजन नव्वद लिहिलं, "सगळे असंच लिहितात" म्हणाला, आणि भावाने सही केली. भाऊ प्रत्यक्षात एकशे पंधरा होता. तो गेल्यावर कंपनीने दवाखान्यातले जुने कागद काढले आणि दावा फेटाळला. तेव्हापासून वहिनी एका गोदामात खोकी भरते. त्या एजंटबद्दल ती कधी बोलत नाही. फॉर्मबद्दल बोलते.

काटेदादाची मुलगी आठ वर्षांची आहे. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली.

या वर्षी त्याने स्वतः आयुर्विम्यासाठी अर्ज केला. योजनेला दोन अटी होत्या. अर्जदाराची पन्नाशी पूर्ण झालेली नसावी, आणि त्याच्या उंचीला वजन एकशे तीस किलोंच्या वर नसावं. त्याखाली असेल तर हप्ता वाढवून का होईना, विमा मिळणार होता. पन्नाशीला नऊ आठवडे उरले होते.

बायकोने विचारलं, "अहो, पण तुमचं वजन आहे तरी किती?"

"एकशे तीस."

"कुठे केलंत?"

"आपल्याच काट्यावर."

"म्हणजे ट्रकच्या?" ती हसायला लागली. "अहो, तो हत्ती मोजायचा काटा. त्याला तुमच्यातलं काय कळणार?"

फॉर्मवर त्याने तेच लिहिलं. बावीस वर्षं दुसऱ्या कुठल्या काट्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. पण आपला काटा एकशे पंचवीसपासून एकशे पस्तीसपर्यंत सगळ्यालाच एकशे तीस म्हणतो, हे स्वतःचं वजन लिहिताना त्याच्या ध्यानातच आलं नाही. ट्रकच्या बाबतीत ते कधी नजरेआड झालं नसतं.

वैद्यकीय तपासणी रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात होती. डॉक्टर तरुण बाई, विमा कंपनीने नेमलेली. रक्तदाब ठीक, साखर काठावर. मग तो वजनाच्या यंत्रावर उभा राहिला. काटा गर्रकन फिरला आणि एकशे तीसच्या पुढे असलेल्या छोट्या खिळ्याला जाऊन टेकला. त्या यंत्रावर त्याच्यापुढे आकडे नव्हते.

"एकशे तीसहून जास्त, असं लिहावं लागेल," डॉक्टर म्हणाली.

"किती जास्त?"

"ते याच्यावर कळत नाही."

"मग जास्त कशावरून?"

डॉक्टरने यंत्राकडे बघितलं. खिळ्याला टेकलेला काटा बारीकसा थरथरत होता. "तुमच्याकडे आहे का दुसरा काटा?"

"समोरच आहे," तो म्हणाला. "ऐंशी टनांपर्यंतचा."

जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर रस्ता ओलांडून आली. गाड्या रांगेत उभ्या होत्या, ड्रायव्हर छपराखाली जेवत होते. ते डबे घेऊनच उठले. काटेदादाने गोदामातल्या जुन्या तराजूची अर्ध्या किलोची वजनं एका टोपलीत आणली आणि डॉक्टरला सगळं समजावून सांगितलं. तो प्लेटवर उभा राहील, आकडा एकशे तीस दाखवेल. मग एकेक वजन हातातल्या पिशवीत घ्यायचं. एकूण भार एकशे पस्तीसला पोचला की आकडा एकदम एकशे चाळीस होईल. पिशवीत जेवढे किलो पडले, ते एकशे पस्तीसमधून वजा केले की त्याचं खरं वजन हाती येईल.

"म्हणजे दहा वजनं पिशवीत पडेपर्यंत आकडा हलायला नको," डॉक्टर म्हणाली.

"हलला नाही तर मी एकशे तीसच्या अलीकडे."

त्याने बूट काढले, पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्या खिडकीत ठेवल्या. पिशवी आधीच मोजून ठेवली होती, तिचं वजन धरण्यासारखं नव्हतं. तो अनवाणी प्लेटवर चढला. छपराशेजारच्या मोठ्या फलकावर आकडे उठले, झुलले आणि १३० वर थांबले. बावीस वर्षं तो आकडे आतून बघत आला होता. आज पहिल्यांदाच तो त्यांच्या खाली उभा होता, आणि ते त्याचे होते. दुपारच्या उन्हात लाल आकडे फिकट दिसत होते, कुणीतरी पाण्यात लिहिल्यासारखे.

लांब पल्ल्याची गाडी चालवणारा एक म्हातारा ड्रायव्हर कडेला उभा राहून वजनं देऊ लागला.

"पाय बाहेर ठेव," काटेदादा म्हणाला. "तुझं वजन माझ्यात धरू नकोस."

"तुमच्यात माझं काय दिसणार?" म्हातारा म्हणाला. छपराखाली हशा पिकला.

पाच. सहा. आकडा तसाच होता. प्लेट तळव्यांना गरम लागत होती. आठ. नऊ. एका ड्रायव्हरने घास तोंडात तसाच धरून ठेवला होता. दहा. आकडा हलला नाही. अकरावं वजन पिशवीत पडलं आणि आकड्यांनी उडी मारली: १४०.

"पास!" म्हातारा ओरडला. "काटेदादा, पास!" लोकांनी डब्यांची झाकणं वाजवली. डॉक्टरने पेन काढलं.

काटेदादा प्लेटवरून उतरला नाही. तो पायाखाली बघत होता. सकाळी शून्य घेतलं तेव्हा तळव्यांखालची ही जागा दवाने चमकत होती. आता ती कोरडी आणि गरम होती. दुपारचं शून्य घ्यायचं राहून गेलं होतं. जेवणानंतर घ्यायचं ते, आणि आज तो जेवलाच नव्हता. सकाळपासून उडून गेलेलं पाणी काट्याने त्याच्या वजनातून कापून टाकलं होतं.

"मॅडम, थांबा. लिहू नका."

"का हो?"

"शून्य चुकलंय."

"अहो दादा, कुणाला कळतंय?" म्हातारा हळूच म्हणाला. "उतरा आणि सही करा."

"मी मेल्यावर कळतं," तो म्हणाला.

तो उतरला, खोलीत गेला, बटण दाबलं आणि परत प्लेटवर येऊन उभा राहिला. या वेळी कुणी डबा वाजवला नाही. वजनं एकेक करून पिशवीत पडली. सातव्यानंतर त्याने डोळे मिटले. आठवं पडलं आणि छपराखालून एक लांब उसासा आला. त्याने डोळे उघडले नाहीत, त्याला बघायची गरज नव्हती.

"एकशे एकतीस," डॉक्टर म्हणाली.

"आणि थोडं वर," तो म्हणाला.

तिने तेच लिहिलं. कंपनीचं पत्र पाचव्या दिवशी आलं: अर्ज नामंजूर, मात्र वयाची मुदत संपण्याआधी वजन मर्यादेत आल्यास पुन्हा तपासणी होईल. बायकोने पत्र दोनदा वाचलं. "दीड किलोसाठी!" ती म्हणाली. "तेव्हा गप्प बसला असतात तर?" त्याने पत्राची घडी घातली. मग तिनेच म्हटलं, "वहिनींना सांगू नका हं मी असं म्हटलं."

त्याने दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद केलं. चहातली साखर गेली. पहाटे अंधार निवळत असताना तो कारखान्याच्या कुंपणाच्या कडेने चालू लागला. धुक्यात कुंपण संपतच नसे, आणि आपण चालतोय की कुंपण, हे काही पावलं कळत नसे. ड्रायव्हर येता-जाता भोंगा वाजवून विचारत, "काटेदादा, गाडी रिकामी झाली का?" वजन पहिले तीन आठवडे हललं नाही. मग थोडं हललं. तो काही फार बारीक झाला नाही; शर्ट तेच राहिले.

पन्नाशीला सहा दिवस उरले असताना तो पुन्हा दवाखान्यातल्या यंत्रावर उभा राहिला. काटा फिरला, शंभर ओलांडलं, एकशे वीस ओलांडलं आणि खिळ्याजवळ पोचला. पोचला, पण टेकला नाही. खिळा आणि काटा यांच्यात अंगठ्याच्या नखाएवढी मोकळी जागा होती. डॉक्टर वाकून बघत राहिली. मग तिने त्याला उतरायला सांगितलं, यंत्र रिकामं असताना काटा शून्यावर आहे का ते पाहिलं, आणि पुन्हा चढायला सांगितलं.

"एकशे एकोणतीस."

विमा मिळाला. हप्ता बराच वाढवून लावला होता. लिफाफा आला त्या रविवारी वहिनी घरी आली होती. बायकोने कागद तिच्या हातात दिले. वहिनीने रकमेचं पान उलटलं, वारसाचं पान उलटलं आणि शेवटी जोडलेल्या, नव्याने भरलेल्या फॉर्मच्या प्रतीवर थांबली. वजनाच्या रकान्यावर बोट ठेवून तिने दिराकडे बघितलं.

"हे खरंय?"

"शून्य बघून घेतलंय, वहिनी."

तिने कागद नीट जुळवले, लिफाफ्यात घातले आणि लिफाफा त्याच्या मुलीच्या हातात दिला. "जा, कपाटात वरच्या कप्प्यात ठेव," ती म्हणाली.