नागरत्ना आत्याचा उजवा हात

गाडीत बसायच्या आधी नागरत्ना आत्यानं चपला काढल्या. उंबऱ्याशी काढाव्यात तशा जोडीनं, रस्त्यावर. पहिल्याच धड्याला गाडी आचके देत पुढे गेली आणि चपला नजरबाद भागातल्या कचेऱ्यांमागच्या रस्त्यावर तशाच राहिल्या.

"अय्यो, माझ्या चपला! प्राणेश, मागे घे की गाडी."

"मागे घ्यायचं पुढच्या आठवड्यात शिकवतो, अम्मा," ड्रायव्हिंग स्कूलचा प्राणेश म्हणाला.

मागच्या सीटवर मी आणि गुंडेराव मामा, म्हणजे आत्याचे यजमान. मामा हसून हसून खोकायला लागले. चपला आणायला मीच उतरले.

आत्याला चपला जड होतात, कारण तिचे पाय मशीनचे. मंडी मोहल्ल्यातल्या तिच्या सासरच्या घरात मीही राहते; तिथल्या पुढच्या खोलीत ती लग्न होऊन आल्यापासून पायमशीन चालवते, अनवाणी. बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतल्या एका मठातल्या लामांची मरून वस्त्रं तिच्या हातची. शिवायचं आत्यानं, पोचवायचं मामांनी, अशी वाटणी. मामांची जुनी पांढरी गाडी, गिअरची. तिचं दार आत्यानं जरा जोरात लावलं तरी मामांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण दसऱ्यानंतर डॉक्टरांनी मामांचे डोळे तपासले आणि सांगितलं, समोरचं दिसतंय पण बाजूचं दिसणं गेलंय, गाडी बंद.

दुसऱ्याच दिवशी मामांचे धाकटे भाऊ दत्तोजीराव हजर. त्यांचंही शिवणाचं दुकान, शिवाय डिलिव्हरीची व्हॅन.

"वहिनी, उभी गाडी सडते. मला देऊन टाका. बैलकुप्प्याचे गठ्ठे मी पोचवतो, येताना पुढची मापंही घेऊन येतो. तुम्ही सुम्ने, नुसतं बसा आरामात."

आत्यानं त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. "मापं तुम्ही घेणार, होय? मग शिवणार कोण?"

"ते काय की, बघू."

ते काय ते आत्याला लगेच दिसलं. मापं ज्याच्या हातात, मठ त्याचा. बसनं जावं, तर एकदा ती गेली होती. बैलकुप्प्याला उतरेपर्यंत बस सुटली आणि एक गठ्ठा एकटाच पुढे मडिकेरी बघून आला.

"गाडी विकायची नाही," आत्या म्हणाली. "मी शिकते."

मामांनी बशी खाली ठेवली. "तू? अगं, तुला सायकल येत नाही."

"तुम्हाला तरी बटण लावता येतं का?"

शेवटी ठरलं असं: लोसरच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या आधी मठात कपडे पोचायला हवेत. तोपर्यंत आत्याला लायसन्स मिळालं तर गाडी घरात. नाही मिळालं तर गाडी दत्तोजीरावांची, आणि मागोमाग मठही.

मग सुरू झाली रोजची सकाळ.

पायमशीनवर दोन्ही पाय एकाच पट्टीवर असतात. पुढे एकदम, मागे एकदम. गाडीतही आत्याचे पाय तसेच जोडीनं चालले. दोन्ही दाबले की इंजिन नुसतं गर्जायचं, दोन्ही सोडले की गाडी उचकी देऊन बंद.

"अम्मा, एडगालु! डावा पाय! निधान सोडा, हळूहळू!"

"अरे, एकट्यानं पाय कसा हलवायचा? दुसऱ्याला काय सांगू?"

"त्याला सांग, पांडुरंगाचं नाव घेत बस," मागून मामा.

"अहो, तुम्ही गप्प बसा. तुमच्यामुळे बंद पडते."

आणि तिचा उजवा हात! मशीन थांबवायची तर उजवीकडचं चाक हातानं धरायचं, ही सवय हाडात. समोर गाय आली, रिक्षा आली, साधा स्पीडब्रेकर आला, की आत्याचा हात स्टिअरिंग सोडून उजवीकडे झेप घ्यायचा. तिथं चाक कुठलं? खिडकीची काच. फाट्! पाय मात्र निवांत. ब्रेक मग प्राणेश आपल्या बाजूनं मारायचा.

"प्राणेश, त्या काचेला आतून अस्तर लावून घे बाबा," मामा म्हणाले. "माप मी देतो."

आत्या घरी येऊन सराव करायची. जेवताना टेबलाखाली डावा पाय वेगळा, उजवा पाय वेगळा. मामांचा पाय मध्ये आला की तो ब्रेक. "सांबार सांडलं की," म्हणून मामा ओरडायचे. हळूहळू पाय सुटे झाले. एके दिवशी गाडी आचका न देता निघाली तेव्हा आत्यानं "विठ्ठला!" म्हणून दोन्ही हात जोडले. स्टिअरिंग प्राणेशनं धरलं.

आणि त्याच दुपारी ती मशीनवर बसली, तर मशीन उलटी फिरली. दोरा तट्‌कन तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. डावा पाय पुढे जायचा तर उजवा मागे राहायचा. शिवण वाकडी.

मी चहा घेऊन गेले तर आत्या नुसती बसलेली, मांडीवर मरून कापड.

"काय झालं, आत्या?"

"पाय विसरले गं," ती म्हणाली. "गाडी अजून पुरती आली नाही, आणि हे गेलं. गठ्ठा अर्धा राहिलाय. भावजींना फोन कर. सांग, घेऊन जा म्हणावं. गाडी आणि काय ते सगळं."

मी फोन उचलला नाही. मामा दारात उभे होते. ह्या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही. ते आत आले, बाकावर तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सर तिकडे."

"तुम्हाला काय शिवता येतंय?"

"शिवायला कोण बसलंय? पायाचं मी बघतो. तू कापडाकडे बघ. माझे पाय रिकामेच आहेत आता."

शिंप्याच्याच घरचा माणूस. पट्टीवर पाय ठेवले आणि मशीन धावायला लागली. जरा जास्तच.

"निधान री, निधान!" आत्या ओरडली. अगदी प्राणेशच्या आवाजात. "माझं बोट शिवाल!"

गठ्ठा पुरा झाला तो असा. शेजारची सुमा ब्लाउजचं माप द्यायला आली आणि एका बाकावर दोघांना बसलेलं बघून लाजून परत गेली.

परीक्षेच्या दिवशी मामांना बाहेर थांबायला लावलं होतं, आत्याचीच अट. प्राणेशनं गाडीची काच पूर्ण खाली केली. "अम्मा, आज काच फुटली तर माझी नोकरी जाईल." इन्स्पेक्टर शेजारी बसले, मागे प्राणेश आणि मी. जाड मिशा, चेहरा कोरा. आठचा आकडा झाला. मागे घेणं झालं. राहिला चढ: वर चढताना थांबायचं आणि गाडी मागे न सरकवता पुन्हा काढायची.

चढाच्या मध्यावर एक कुत्रं आडवं आलं.

आत्याचा उजवा हात सुटलाच. ह्या वेळी काच नव्हती. हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर गेला, पंजा उघडा. पण पाय! पाय ह्या वेळी आपापल्या कामाला लागले होते. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. गाडी थांबली. कुत्र्यानं सावकाश रस्ता ओलांडला. मग डावा पाय निधान वर आला, गाडी जरा थरथरली आणि चढून गेली.

इन्स्पेक्टर प्रथमच बोलले. "हातानं खूण देणारं आजकाल कुणी उरलं नाही, अम्मा. कुणी शिकवलं?"

आत्यानं प्राणेशकडे पाहिलं. प्राणेशनं आकाशाकडे पाहिलं.

"सवय आहे, सर," आत्या म्हणाली.

लायसन्स आलं त्या सकाळी मरून गठ्ठे पांढऱ्या गाडीत भरले. एक मामांच्या मांडीवर. दत्तोजीराव गाडी न्यायला म्हणून आलेले. त्यांची व्हॅन नेमकी गाडीच्या तोंडाशी.

"भावजी," आत्यानं खिडकीतून हाक मारली. "व्हॅन जरा मागे घेता? मला निघायचंय."

"वहिनी, बैलकुप्प्यापर्यंत? तुम्ही?"

"दत्तोजी, घे मागे," मामा म्हणाले. "मी बसलोय आत, मला भीती वाटत नाही, मग तुला काय? आणि तू, दार हळू लाव."

आत्यानं दार धाडकन लावलं. चपला ह्या वेळी आत होत्या, मामांच्या पायाशी. गाडी एकदा बंद पडली, मामा काहीतरी बोलले, ती काहीतरी बोलली, मग निघाली.

गल्लीच्या टोकाला भाजीची हातगाडी आडवी आली. खिडकीतून आत्याचा उजवा हात झपकन बाहेर आला.

दत्तोजीरावांना वाटलं, वहिनी टाटा करताहेत. त्यांनीही हात हलवला.