लाल पाटीची सवय

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. त्यातलं बरंच विसरलो. हे मात्र विसरत नाही, कारण यात एक पोरगी आमच्या हातून आत जाता जाता राहिली.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि श्रेणी फौजदार म्हणून निवृत्त झालो. शिक्षण बेताचं. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, त्यामुळे खाली जे लिहिलं आहे ते मला जसं समजलं तसंच लिहिलं आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही.

आमचं ठाणं लोणार तालुक्यातलं. एका सकाळी बुलढाण्याच्या सायबर शाखेतून फोन आला. पुण्याच्या एका कंपनीची फिर्याद होती. दवाखान्यांचे रक्ताचे, गाठींचे, असले सगळे रिपोर्ट कॉम्प्युटरवर सांभाळायचं काम ती कंपनी करते. ते रिपोर्ट कुणीतरी चोरले होते. चोरून गप्प बसला असता तर वेगळं. तो पेशंटच्या घरी फोन करत होता. "तुमच्या पोरीला कोणता आजार आहे ते तिच्या सासरी कळवू का?" असे फोन. शेगावच्या एका घरात असा फोन आला तर आईनं जेवण सोडलं आणि पोरीनं खोलीची कडी लावून घेतली. शेजारच्यांनी दार तोडलं म्हणून ती वाचली.

चोरी ज्या आयडीवरून झाली, तो आयडी आमच्या हद्दीतल्या एका पोरीचा होता. ती घरी बसून त्या कंपनीचं काम करायची. बाप बीबीच्या बाजारात भाजी विकतो. कंपनीनं लेखी दिलं होतं की पासवर्ड तिनेच कुणाला तरी दिला असणार, दुसरा रस्ताच नाही.

असल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाकडे असतो, म्हणजे आमच्या ठाणेदारांकडे. मी मदतीला. ठाणेदार वयानं लहान, हुशार, पण वरून सारखे फोन. महिला अंमलदार सोबत घेऊन आम्ही पोरीच्या घरी गेलो. लॅपटॉप जप्त केला, सील केला, पंचांच्या सह्या घेतल्या. बाप वांग्याचं पोतं खाली टाकून दारातच उभा राहिला.

"साहेब, माह्या पोरीनं कोणाच्या शेतातली भेंडी नाही तोडली आजवर. हे काय लावलं तुम्ही?"

"चौकशी आहे. बाजूले व्हा," मी म्हणालो.

नोटीस देऊन दुसऱ्या दिवशी तिला ठाण्यात बोलावलं. महिला अंमलदार शेजारी बसवली. मी विचारलं, "पासवर्ड कोणाले सांगितला?"

"नाही."

"लॅपटॉप कोणाच्या हातात दिला होता?"

"नाही."

"त्यातली काही सेटिंग बदलली?"

"नाही, काका."

माझा प्रश्न संपायच्या आधी तिचं नाही तयार. मी म्हटलं, पाणी पिते का? त्यालाही नाही म्हणाली आणि मग अख्खा तांब्या रिकामा केला. खोटं बोलणारं माणूस मी ओळखतो. ही खोटं बोलत होती. पण चोर खोटं बोलतो तेव्हा तो तुमच्याकडे पाहून अंदाज घेत असतो की याला किती माहीत आहे. ही माझ्याकडे पाहतच नव्हती. दाराबाहेर बाकावर बसलेल्या बापाकडे पाहत होती.

ठाणेदारांना सांगितलं तर ते म्हणाले, "खोटं बोलते ना? मग झालं. वरून विचारणा आहे. परवापर्यंत काही दुसरं निघालं नाही तर अटक दाखवावी लागेल."

फोन थांबले नव्हते, हे सगळ्यात वाईट. रोज कुठून ना कुठून नवी तक्रार यायची. पोरगी आत टाकली आणि चोर बाहेरच राहिला तर उद्या कोण कडी लावून घेईल, याचा नेम नव्हता.

माझी बायको तेव्हा आजारी होती. अकोल्याला उपचार चालू होते. तिचेही रिपोर्ट कुठल्यातरी कॉम्प्युटरात असतीलच, हे मला जेवायला बसल्यावर सुचलं. माझ्या ताटातली भाकरी तशीच पाहून ती म्हणाली, "काऊन जेवून नाही राह्यले?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी घरात बसून काम करते म्हणता. मंग तिच्या घरात बसून पाहा ना तिचं काम. ठाण्यात काय दिसन तुम्हाले?"

आता ती नाही. घरात कुणाशी बोलायचं नसतं म्हणून असं काही लिहायला बसतो. ते असो.

तिचं म्हणणं बरोबर होतं. घरफोडी झाली की आम्ही आधी जागेवर जातो, दार पाहतो, कडी पाहतो, मालक रोज कुलूप कसं लावतो ते त्याला करून दाखवायला लावतो. इथं आम्ही फक्त लॅपटॉप उचलून आणला होता. मी ठाणेदारांना म्हणालो, "साहेब, घटनास्थळ पंचनामा करू. पोरीला रोजचं काम पहिल्यापासून करून दाखवायला लावू."

"लॅपटॉप सील आहे."

"कंपनीकडून तसाच दुसरा मागवा."

कंपनीचा माणूस स्वतः घेऊन आला. चांगला शिकलेला, बोलायला नम्र. पोरीच्या घरी जाताना गाडीत त्यानं मला समजावलं. आपण इंटरनेटवर कुठलंही नाव टाकलं की ते नाव कुठे राहतं हे आधी विचारावं लागतं. जशी एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते तशी. त्याला ते डीएनएस म्हणतात. कंपनीच्या सगळ्या लॅपटॉपनी कंपनीच्याच खिडकीवर विचारायचं, असा नियम. ती खिडकी वाईट पत्ते सांगतच नाही, म्हणून माणूस चुकूनही चोराच्या दारात जात नाही.

"पोरीनं दुसऱ्या खिडकीवर विचारलं तर?" मी म्हणालो.

"तशी मनाई आहे. सगळ्यांनी सही केली आहे."

"मनाई तर हातभट्टीची दारू विकायलाही आहे."

तो हसला, पण कसनुसा.

घरात पोरीची टेबलखुर्ची खिडकीजवळ होती. पंच म्हणून गावच्या शाळेतले एक मास्तर आणि शेजारची एक मावशी. पोरीनं लॅपटॉप उघडला, घरच्या नेटला जोडला आणि हात मांडीवर ठेवून बसली. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत होतं. कंपनीचा माणूस म्हणाला, "येईल." आम्ही थांबलो. मावशीनं चहा आणला, तो प्यायलो. काही येईना. त्यानं स्वतः पुढे होऊन दहा गोष्टी करून पाहिल्या.

"लाइन खराब आहे का?"

मावशी म्हणाली, "लाइन चांगली हाये. माह्या मोबाइलवर चालू हाये ना. सकायी नेटवाल्याचं पान उघडा लागते, त्याच्यात नंबर टाका लागते, मंग सुरू होते."

"ते पान इथे का उघडत नाही?" मी कंपनीवाल्याला विचारलं.

तो हळूच म्हणाला, "ते पान फक्त नेटवाल्याची खिडकी दाखवत असेल. आमच्या खिडकीला ते माहीत नाही."

"म्हणजे तुमचा नियम पाळला तर या घरात नेटच चालू होत नाही?"

त्यानं मान डोलावली. मी पोरीकडे वळलो. "मंग बाई, तू इतके दिवस काम कसं करून राह्यली होती?"

तिनं बापाकडे पाहिलं. बाप मागून ओरडला, "सांगून टाक ना वं! मले बाजारात तोंड दाखवा लागते!"

तिनं सांगितलं. पहिल्याच दिवशी नेट चालेना. कंपनीला फोन केला तर तिकडून म्हणाले, नेट तुमची जबाबदारी, जमत नसेल तर सांगा. ती घाबरली. नेटवाल्याला बोलावलं. त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला, कुठेतरी आकडे टाकले आणि सुरू झालं. लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही हा नियम तिला माहीत होता. म्हणून आमच्यापुढे नाही नाही करत राहिली. नेटवाल्याचंही नाव घ्यायचं नव्हतं, त्यानं भलं केलं होतं.

नेटवाल्याला तिथेच बोलावलं. मोटारसायकलवर आला, खांद्याला वायरचं वेटोळं.

"साहेब, मी तं साऱ्यायलेच करून देतो," तो म्हणाला. "त्याबिगर माहं पान येतच नाही. पोरायचं ऑनलाइन काम बंद पडते."

"घे, याच्यावर कर."

कंपनीवाला दचकला. "ही सेटिंग आमच्या लॅपटॉपवर बदलता येणार नाही."

नेटवाल्यानं मान खाली घालून पाच-सहा ठिकाणी बोट मारलं. बदलली. ती जागा कंपनीनं बंदच केली नव्हती, नुसती सही घेतली होती.

मग पडद्यावर लाल पाटी आली. इंग्रजीत लिहिलेलं; मास्तरांनी वाचून सांगितलं, या पानाची खात्री नाही, पुढे धोका आहे. पोरीनं सवयीनं खालचं बटण दाबलं, नेटवाल्याचं पान आलं, नेट सुरू.

"ही पाटी रोज येते?"

"हाव," मावशी म्हणाली. "मलेबी येते. पुढे जा दाबलं का झालं. गावात कोणीच नाही वाचत ते."

मी म्हटलं, आता कंपनीचं काम उघड, पण पासवर्ड टाकू नको. तिनं नाव टाकलं. पुन्हा तीच लाल पाटी. तिचं बोट आपोआप बटणावर गेलं. पाटी गेली आणि कंपनीचं पान आलं, चिन्हासकट.

कंपनीवाल्यानं तव्याचा चटका बसावा तसा तिचा हात बाजूला केला. "थांबा. हे आमचं पान नाही."

चोराचं दार आमच्यासमोर उघडं होतं, आणि ही पोरगी रोज सकाळी तिथं पासवर्ड टाकून त्यातूनच कामाला जात होती.

तसेच नेटवाल्याच्या ऑफिसात गेलो. कंपनीवाल्यानं पाहिलं तर तिथल्या मशीनचा पासवर्ड फॅक्टरीतून आला तोच होता. बाहेरून कुणीतरी त्यात शिरून त्याच्या खिडकीला खोटे पत्ते शिकवले होते. नेटवाल्याच्या लाइनवर घरून काम करणारी अजून बरीच पोरं होती. त्या सगळ्यांची बोटं त्याच वेळी त्याच बटणावर असतील. मशीन तिथल्या तिथं बंद केली. सायबर शाखेचं पथक येऊन नक्कल घेईपर्यंत आमचा शिपाई तिथं बसवला, आणि नेटवाला दुसऱ्या शिपायाला मागे बसवून घरोघर सांगत फिरला. धमकीचे फोन हळूहळू बंद झाले. खरा चोर दुसऱ्या राज्यात निघाला, तो तपास वर गेला.

पोरगी आरोपी राहिली नाही, साक्षीदार झाली. जबाब महिला अंमलदारानं तिच्या घरीच घेतला. मी म्हणालो, "नेटवाल्यानं लॅपटॉप घेतला, एवढंच लिहू. तुह्या नोकरीचं पाहा लागन."

ती म्हणाली, "नाही काका. मी दिला म्हणून लिहा. त्यानं मागितला नव्हता."

तसं लिहिलं. कंपनीवाल्यानं तो जबाब वाचला. मग म्हणाला, "आमच्याकडे फोन केला होता आणि आम्ही मदत केली नाही, हेही लिहून घ्या. मी सही करतो."

तिची नोकरी राहिली. कंपनीनं ती सेटिंग कुणालाच हात लावता येणार नाही अशी बंद केली, आणि गावच्या नेटवाल्याचं पान तेवढं उघडेल अशी वाट ठेवली. दोन्ही करावं लागतं. नुसतं कुलूप लावून चालत नाही. आत येण्याजाण्याची सोय नसली की घरातलंच माणूस भिंतीला भोक पाडतं, आणि त्या भोकातून कोण येईल ते त्याला दिसत नाही.

एक गोष्ट नव्या पोलिसांना सांगतो. समोरचा खोटं बोलतो हे कळलं की आपल्याला वाटतं काम झालं. तिथं अर्धंच झालेलं असतं. खरं बोलल्यानं याचं काय जाणार आहे, ते विचारा. त्या पोरीला तुरुंगाची भीती नव्हती. तिला टेबलखुर्ची उचलून परत बापाच्या भाजीच्या दुकानावर बसायची भीती होती. मला ते तिच्या घरी गेल्यावर दिसलं.