नावाची टोपी

हॉस्पिटलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी निरोप आला. ‘आपल्या ऑपरेशन थिएटरच्या ज्येष्ठ सिस्टर यांचे दुःखद निधन. मृतात्म्यास शांती लाभो.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मग लॅबमधल्या कोणीतरी विचारलं, ‘कोणत्या सिस्टर?’ मी तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, अनसूयाच्या भावाच्या घरी बसले होते. पुढच्या खोलीत तिला निजवलं होतं. एरवी कान किटवणारे मागचे यंत्रमाग त्या दिवशी बंद होते. मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला. जी बाई उभा जन्म ‘माणसाला नाव असतं’ म्हणून भांडली, तिच्या मरणाच्या बातमीतसुद्धा या लोकांना तिचं नाव घालायचं सुचलं नाही. मी ‘अनसूया येमूल’ एवढंच टाइप केलं आणि फोन बंद केला. बाकीचं ग्रुपवर मावणारं नव्हतं. ते आता, काही आठवडे उलटल्यावर लिहिते आहे, आणि राग तसूभरही कमी झालेला नाही.

आमचं हॉस्पिटल सोलापुरातलं, खासगी. मालक म्हणजेच मुख्य सर्जन. आम्ही सगळे त्यांना ‘मोठे सर’ म्हणतो. ज्यांना थिएटरमध्ये नावं खपली नाहीत, त्यांचं नाव मीही इथे घेणार नाही. अनसूया थिएटरची इन्चार्ज, मी तिच्या हाताखाली शिकलेली करकंबची पोरगी. मी तिला अक्का म्हणायचे. ती काही गरीब गाय नव्हती हं. तोंडानं फटकळ, हट्टी, चहात साखर कमी पडली तर कपासकट परत पाठवणारी. मी नवीन असताना मला म्हणाली होती, ‘सुमन, तुझ्या हातात काम आहे, पण जीभ करकंबला ठेवून आलीस काय? बोल की जरा.’ तिचा राग आणि तिची माया या दोन्हींचा आवाज एकच होता, त्यामुळे नव्या मुली आधी रडायच्या आणि मग तिच्याच डब्यातली शेंगा चटणी खायच्या.

नावाच्या टोप्यांचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं त्याला एक ऑपरेशन कारण झालं. अचानक रक्तस्राव सुरू झाला. मोठे सर मान न वळवता ओरडले, ‘सिस्टर, दुसरं सक्शन!’ खोलीत आम्ही तिघी सिस्टर. तिघींचे मास्क सारखे, टोप्या सारख्या, निळ्या कागदी. प्रत्येकीला वाटलं, दुसरीला सांगितलं. तिघीही उभ्या राहिलो. शेवटी आमच्यातल्या अनसूयानंच रक्त ओढून घ्यायचं दुसरं मशीन ओढत आणलं, पेशंट वाचला. नंतर सर आमच्या अंगावर धावून आले, ‘तीन-तीन जणी, आणि एकीलाही अक्कल नाही!’ अनसूया कंबरेवर हात ठेवून म्हणाली, ‘सर, सिस्टर म्हणजे नक्की कोण ते बोला की. नाव घ्या.’ सर म्हणाले, ‘मास्कमध्ये मला काय कळणार कोण कोण आहे ते?’ ‘बरं, ते माझ्यावर सोडा,’ ती म्हणाली.

आपल्या गावात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. तिच्या वहिनीचा हात त्याच कामावर बसलेला. कारखान्यातलं सुती कटपीस आणून दोघींनी टोप्या शिवल्या, मागे इलॅस्टिक, पुढे कपाळावर मशीननं भरलेलं नाव आणि खाली काम. मराठीत, टपोऱ्या अक्षरांत. इंग्रजी का नाही, असं मी विचारलं तर म्हणाली, ‘टेबलावर झोपणारीला वाचता आलं पाहिजे.’ ऑपरेशनची हत्यारं सरांच्या हातात मी देते, म्हणून माझ्या पहिल्या टोपीवर तिनं ‘सुमन, हत्यारं’ असं भरलं. मी म्हटलं, ‘अक्का, मी काय दरोडा घालायला चाललेय?’ हसून हसून तिचा चष्मा खाली आला. मग उसवून तिथं ‘सुमन, टेबलाजवळची सिस्टर’ असं केलं. जो सगळ्यांचा नुसता ‘मामा’ होता, त्याच्या टोपीवर आलं ‘सिद्राममामा, मदतनीस’. सिद्राममामा आरशासमोरून हलेचना. ‘लई भारी दिसतंय की, अक्का,’ म्हणाला. मोठ्या सरांच्या टोपीवरही नाव आणि ‘सर्जन’ होतं, अक्षर मात्र मामाच्या अक्षराएवढंच. मला वाटतं, सरांना पहिली ठेच तिथंच लागली.

तरी काही महिने छान गेले. माणसं एकमेकांना हाक मारून काम मागू लागली. मग तो दिवस आला. टोप्या रोज धुवायला जायच्या, वाफेवर निर्जंतुक होऊन परत यायच्या, आणि त्या दिवशी कपाटात उलटसुलट लागल्या. मोठे सर फोनवर बोलत बोलत आले, हाताला लागली ती टोपी डोक्यावर चढवली आणि आत आले. टोपीवर लिहिलेलं, ‘सिद्राममामा, मदतनीस’. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. एकानंही तोंड उघडलं नाही. मोठ्या सरांना कोण सांगणार? त्यांना चहा गार झाल्याचंसुद्धा आमच्यात कोणी सांगत नाही. अनसूया त्या वेळी बाहेर होती. भूल द्यायला त्या दिवशी एक तरुण डॉक्टर बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी टोपी वाचली आणि अगदी आदरानं म्हणाल्या, ‘सिद्राममामा, टेबल थोडं खाली घेता का?’

सरांनी टोपी काढली, वाचली, कोपऱ्यात भिरकावली. डॉक्टर बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी नावानं, मानानं हाक मारली होती. पण आमच्या मोठ्या सरांना मामा म्हटलेलं लागलं. जो मामा त्यांच्या पेशंटला उचलून टेबलावर ठेवतो, त्याचं नाव कपाळावर आलं म्हणून त्यांचा अपमान झाला! दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, कापडी टोप्यांमुळे जंतुसंसर्ग होतो, सबब बंद. आमचे गाऊन कापडी, पेशंटवरच्या चादरी कापडी, सगळं एकाच मशीनमध्ये धुतलं जातं, पण जंतू बसणार ते फक्त नावावर. टोप्या जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेल्या. अनसूया केबिनमध्ये जाऊन भांडली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. ‘मला म्हणाले, सिस्टर, तुम्ही तुमचं काम करा… अगं, नाव तर घ्यायचं!’

वर्षभरानं तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन तिच्याच थिएटरमध्ये ठरलं. ज्या टेबलाच्या दिव्याची जागासुद्धा तिनं ठरवली होती, त्यावर ती आडवी झाली, चष्मा काढलेला, वर सगळे निळे मास्क, निळ्या टोप्या. तिनं कोणालाही ओळखलं नाही. गुंगीत ती तिच्या घरच्या तेलुगूत विचारत होती, ‘एवरु? एवरु?’ कोण, कोण. मी वाकून म्हटलं, ‘अक्का, मी सुमन.’ ‘आणि पायाशी?’ ‘सिद्राममामा.’ मी एकेकाचं नाव सांगत गेले आणि ती मान हलवत गेली. तेवढ्यात मोठे सर आले. ‘सिस्टर, गप्पा पुरे,’ म्हणाले. दोघींपैकी कोणाला म्हणाले, देव जाणे. पोट उघडलं, आजार सगळीकडे पसरला होता, तसंच बंद केलं. आजाराचा दोष मी कोणाला देत नाही. पण आपल्याच घरात तिला परक्यासारखं ‘कोण, कोण’ विचारावं लागलं, त्याचा दोष देते. मरेपर्यंत देणार.

शेवटची भेटले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. अंगात काही उरलं नव्हतं. उशीखालून तिनं माझी टोपी काढली. फर्मान निघालं तेव्हा ती दुरुस्तीला तिच्याकडे होती, म्हणून जळण्यातून वाचली. ‘इलॅस्टिक बदललंय. घाल.’ मी म्हटलं, ‘अक्का, कुठं घालू? तुला माहीत नाही का…’ ‘टोपी कुठं घालतात?’ ती खेकसली. ‘डोक्यावर. टेबलापाशी.’ मग डोळे मिटून घेतले.

शोकसभेत मोठे सर बोलले. अनसूया सिस्टर संस्थेचा आधारस्तंभ होत्या म्हणे. आणि त्यांच्या स्मृतीनिमित्त थिएटरमध्ये कापडी टोपी पुन्हा सुरू करत आहोत, अशी घोषणा झाली. टाळ्या वाजल्या. एका तबकात टोप्या आल्या. मी एक उचलून पाहिली. पुढे हॉस्पिटलचं चिन्ह आणि इंग्रजीत हॉस्पिटलचं नाव. सगळ्या टोप्या सारख्या. माणसाचं नाव कुठंच नाही. जंतू आता कुठं गेले, तेही कोणी विचारलं नाही. सिद्राममामानं टोपी उलटीपालटी करून पाहिली आणि परत तबकात ठेवली. ‘ह्यात आमी कुटं हाय?’ एवढंच म्हणाला.

त्यानंतरच्या सोमवारी मी अनसूयानं दिलेली माझी टोपी घालून आत गेले. नोकरी जाईल तर जाईल, असं ठरवूनच. टेबलावर टेंभुर्णीकडची एक म्हातारी होती, पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेली. ऑपरेशनसाठी मी अजून हात धुतले नव्हते, तिला शिवायला हरकत नव्हती, म्हणून तिच्याजवळ उभी राहिले. तिनं माझ्या कपाळाकडे पाहून अक्षर अक्षर लावलं. ‘सु…मन. टेबला…जवळची. म्हंजे तुमी हितंच थांबणार की?’

‘व्हय, हितंच,’ मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून माझ्या गावची भाषा निघाली.

तिनं माझा हात धरला. दार उघडून मोठे सर आले. टोपीकडे बघत राहिले. ‘सिस्टर, ती टोपी काढा.’

‘माझं नाव सुमन आहे, सर,’ मी म्हटलं. ‘आणि पेशंटनं माझा हात धरलाय.’

भूल चढत होती. म्हातारीची पकड सैल होत होती, पण ती म्हणतच राहिली, ‘सुमनबाई… सुमनबाई, कुटं जाऊ नगा.’ आणि त्या खोलीत ते सगळ्यांना ऐकावं लागलं, मोठ्या सरांनाही.