दिव्याच्या पेटीवर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगतो आहे — पण ज्याला सांगायला हवं होतं तो सुखराम ऐकायला उरला नाही.

सुखराम छत्तीसगडचा. मूल गावच्या धानगिरणीत हमाली करायचा. त्याच्यासारखी बरीच कुटुंबं गिरणीमागच्या झोपड्यांत राहत. तो माझ्याकडे वाचायला शिकला. मीच त्याला म्हणालो होतो, गावच्या कारभारात तुमचाही माणूस पाहिजे. तो निवडणुकीला उभा राहिला — माझ्या शब्दावर.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. सुखरामचं चिन्ह दिवा. पडद्याआड जायचं, मताची चिठ्ठी हव्या त्या पेटीच्या फटीतून आत सोडायची. हे लोकांना समजावण्याचं काम माझं — शाळामास्तर म्हणून मला तिथं बसवलं होतं.

सकाळी गिरणीतली काही माणसं मत देऊन गेली. पडद्यामागे डोकावलो, तर दिव्याच्या पेटीवर चिठ्ठ्या नीट मांडून ठेवलेल्या. एकीवर झेंडूचं फूल. ही माणसं नव्या धानाची पहिली मूठ कोठीच्या झाकणावर ठेवतात — देवाची म्हणून. आत टाकत नाहीत. तसंच केलं होतं त्यांनी. बाहेर राहिलेली चिठ्ठी रद्द होते, हे मला ठाऊक होतं. त्यांची बाकीची माणसं अजून रांगेत होती.

मी काय केलं? परत येऊन बसलो. शेजारचा कारकून म्हणाला, "गुरुजी, या परदेशी दिव्यात तेल कोन टाकन?" मी हसलो. गावच्या लोकांना सांगत राहिलो — "फटीतून आत सोडा बरं, बाई." सुखरामच्या माणसांना फक्त, "जा आत." दिवसभर. मला कुणी धमकावलं होतं? नाही. उद्या हा हमाल खुर्चीत बसेल आणि मी त्याच्यापुढे उभा असेन — एवढंच मनात आलं होतं.

तो पडला. रद्द चिठ्ठ्यांचा आकडा वाचला गेला, पण त्या कुणाच्या, हे विचारायचं कुणाला सुचणार?

संध्याकाळी तो आला. बसला नाही. "गुरुजी, सारे म्हन्ते तुलेच मत देल्लं. मंग गेले कुठी? माह्याच लोकायनं दगा देल्ला काय मले?"

तेव्हा तरी — एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "माणसाचं काही सांगता येत नाही, सुखराम."

पुढे तो सख्ख्या भावाच्या घरी जेवला नाही. पुतणीच्या लग्नात फिरकला नाही. झोपडी सोडून गावाबाहेर एकटा राहू लागला. भाऊ माझ्या दारात येऊन रडला, "तुमचं आयकते तो. सांगा ना त्याले, आमी त्यालेच देल्लं होतं." सांगतो म्हणालो. सांगितलं नाही.

शेवटच्या आजारात भाऊ पाण्याचा पेला घेऊन त्याच्या उशाशी बसला होता. सुखरामनं तोंड फिरवलं. मग मी पेला घेतला — आणि माझ्या हातचं पाणी तो प्याला.