लेकुरवाळी मरळ

कालव्याच्या पुलावर कुणी साहेबी टोपी घालून, चरखीचा गळ घेऊन उभा दिसला की आजही माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, इतकी वर्षं झाली, सोडा आता. नाही सोडणार. त्या साहेबाचा राग आहे तो आहेच, पण त्याहून जास्त राग माझा मला आहे, आणि तो मी मुद्दाम निवू दिलेला नाही.

राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक होऊन काही वर्षं झाली होती. आमच्या गावात कालवा ऐन वस्तीतून जायचा. एका काठाला बसस्टँडची मागची भिंत, दुसऱ्या काठाला आमच्या भाड्याच्या खोल्या. मी मराठी शाळेत मास्तर, बायको सरकारी दवाखान्यात नर्स. शेजारच्या खोलीत कालव्याचे पाटकरी राहत, दारं उघडून शेतांना पाणी सोडणारे. वयाने माझ्याहून थोरले, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या वडिलांची हयात मेंढरांमागे गेली होती. अण्णांची कालव्यामागे चालली होती.

कालव्यातली मरळ गळाने धरायला मला त्यांनीच शिकवलं. गांडुळं नाहीत, कणीक नाही. जुन्या हवाई चपलेचा तळ ब्लेडने कापून बेडूक करायचा, पाय म्हणून मागे सुतळीचे दोन झुपके, पोटात वर तोंड करून गळ. तंगुसाच्या दोरीला बांधून तो शेवाळावर फेकायचा आणि फुदकवत ओढायचा. खालून मरळ उसळली की असा आवाज व्हायचा की माझी छाती धडधडायची. मी माळकरी घरातला, मासा तोंडाला लावत नाही. मी धरायचा, अण्णांच्या घरी शिजायचा, असा आमचा रिवाज होता.

अण्णांचा नियम एकच. पावसाळ्याच्या तोंडाला पाण्यावर लालसर बुडबुडणारा गोळा दिसतो. ती मरळीची पिल्लं, शेकड्यांनी. खाली आई-बाप पहाऱ्याला असतात.

"तिथं न्हाई टाकायचं, गुरुजी. लेकुरवाळी हाय."

"कामून? तिथं तर हमखास लागंल."

"म्हणूनच न्हाई. ती भुकंनं तोंड मारंना गेली, रागानं मारायली. पोरांवर कोण आलं म्हणून. असली धरायला काय अक्कल लागती व्हय?"

कालव्याकाठचे सगळेच हा नियम पाळत. कुणी चुकून तिथे बेडूक टाकला तर पलीकडच्या काठावरून शिवी यायची.

त्या जूनमध्ये माझं नाव बदलीच्या यादीत आलं. कडगंची गावाच्याही पुढे, आडबाजूला. बायकोची नोकरी इथे, म्हणजे दोन गावांत दोन चुली. यादी ज्यांच्या हातात होती ते शाळा-तपासणीचे साहेब माशांच्या शिकारीचे शौकीन, ही बातमी मला शाळेच्या शिपायाने दिली. मी लगेच लाळ घोटत गेलो आणि साहेबांना कालव्यावर बोलावून आलो.

आदल्या दिवशी मी अण्णांच्या दारात उभा राहिलो. त्यांचा फाटका बनियन, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडात तंबाखू. साहेबापुढे हे ध्यान नको, एवढंच माझ्या डोक्यात.

"अण्णा, उद्या साहेब यायलेत. तुम्ही जरा घरातच बसा."

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

साहेब आले. परदेशी चरखी, डब्यात रंगीत लाकडी मासे. पुलापासून बसस्टँडच्या भिंतीपर्यंत आम्ही तीन चकरा मारल्या. एकही मरळ उसळेना. ऊन चढलं, तसा साहेबांचा चेहरा आंबत गेला. "एन मेष्ट्रे, काय मास्तर," ते कानडीत म्हणाले, "माझा रविवार घालवायला बोलावलंस का?"

मी बोट दाखवलं. शेवाळाच्या कडेला लाल गोळा बुडबुडत होता.

पहिल्याच फेकीला ती उसळली. साहेब आनंदाने ओरडले. तिला काठावर टाकून त्यांनी पुन्हा फेकलं, तर नर आला. दोघं गवतात धडपडत होती आणि आपला कॅमेरा माझ्या हातात देऊन साहेब मला म्हणत होते, टोपी नीट करतो, फोटो काढ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी मी फोटो काढला. हसा साहेब, असंही म्हणालो. थू आहे माझ्यावर!

साहेब जीपमध्ये बसेपर्यंत बगळे उतरले होते. दुसऱ्या माशांनीही खालून तोंडं घातली. लाल गोळा फाटत गेला आणि तासाभरात पाणी रिकामं झालं. पलीकडच्या काठावर लोक उभे होते. मला कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

आठवड्याने यादीतून माझं नाव गेलं. बायकोने शिरा केला आणि एक वाटी अण्णांकडे पाठवली, कशाबद्दल तेही सांगून टाकलं. संध्याकाळी अण्णा रिकामी वाटी घेऊन आमच्या दाराशी आले. मी मान वर केली नाही. आता बोलतील, वाट्टेल ते बोलतील, म्हणून अंग चोरून बसलो होतो. ते रागावले असते तर मीही उलटून काहीतरी बोललो असतो, मला तेच हवं होतं.

"बदलीसाठी केलात व्हय ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग मला सांगायचं की, गुरुजी. स्टँडामागल्या मोरीत एक थोरली मरळ हाय. एकटीच. लेकीच्या बाळंतपणाला राखून ठिवल्याली. सायबाला तीच दावली असती." वाटी उंबऱ्यावर ठेवून ते म्हणाले, "लेकीला काय, दुसरी गावली असती."

ते गेले. मी वाटीकडे बघत बसलो. त्यांना नुसतं विचारलं असतं तरी पुरलं असतं, आणि मी त्यांना घरात बसायला सांगितलं होतं.