आधी खोडाले

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे एक डेमॉन्स्ट्रेटर होते. बारा महिने त्यांच्या हनुवटीवर ताजे ओरखडे आणि त्यावर तुरटीचे पांढरे डाग. मी नवीन लागलो तेव्हा मला वाटलं, माणूस धांदरट दिसतो. पण तेच हात सूर्यफुलाच्या खोडाचा इतका पातळ छेद काढत, की बशीतल्या पाण्यात तो वाकून शोधावा लागे.

कुणी जाड चकत्या पाडल्या की मागून आवाज यायचा, "काहून वं, भाजी चिरून राहिली का?" मुलगी रडवेली झाली की शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं कोरं ब्लेड काढून तिच्या हातात देत. मग तिचा छेद जमे. रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली खोडातल्या पाणी वर नेणाऱ्या नळ्यांचं लालभडक कडं दिसे, आणि तिच्यापेक्षा हेच जास्त खूश होत.

एकदा मी न राहवून ओरखड्यांबद्दल विचारलं. म्हणाले, "नवीन ब्लेड आधी खोडाले गा. बोथट झालं की मग तोंडाले."

रिटायर झाल्यावर ते मला महाल भागातल्या बाजारात भाजी घेताना भेटले. चेहरा नवरदेवासारखा गुळगुळीत. मी आपलं बोलून गेलो, "सर, आज दाढी झकास!"

त्यांनी हनुवटीवरून सावकाश हात फिरवला.

"आता काय गा," ते म्हणाले, "कोरं ब्लेड सरळ तोंडालेच लावून राहिलो."