मेदिंगबाईंचा ‘पण’

मी शिकवते त्याच शाळेत मेदिंगबाई अकरावीला निबंध शिकवतात, तोही वाद घालणारा निबंध. आपला दावा मांडा, मग समोरच्याचा मांडा, आणि तो असा मांडा की समोरच्याने स्वतः मान डोलावली पाहिजे. मगच ‘पण’ म्हणून उत्तर द्या. आमच्या पोरांना हे काही केल्या जमत नाही. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या या किनाऱ्यावर थोरामोठ्यांच्या तोंडावर उलट बोलणं म्हणजे लाज सोडणं. म्हणून पोरं समोरच्याचं म्हणणं मुद्दाम लुळंपांगळं लिहितात, पाडायलाही सोपं आणि कुणी दुखावतही नाही. बाई तो कागद परत फेकतात. मेलेल्याशी कुस्ती खेळून जिंकलास का रे, असं सगळ्यांसमोर विचारतात.

गेल्या उन्हाळ्यात गावच्या कॅप्टनने, म्हणजे आमच्या सरपंचाने, मासळी वाळवायचा किनारा एका रिसॉर्टला द्यायचं काढलं. वाळवणाऱ्या बायका आमच्याकडे आल्या, आमच्या वतीने हरकत लिहून द्या म्हणाल्या. मी मेदिंगबाईंना स्पष्ट सांगितलं, सरळ लिहा, ही काही परीक्षा नाही. ऐकतील तर शपथ. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं: वाळवणीच्या वासाने शेजारची मुलं खोकतात, माशा घोंघावतात, पाहुणे नाक धरून परत जातात. खोटं त्यात काहीच नव्हतं. त्यापुढे ‘पण’, आणि दोन पानं भरून चोख उत्तर.

कागद कॅप्टनच्या कचेरीत देऊन आठवडाही झाला नसेल, चौकात फ्लेक्स लागला. कॅप्टनचा दात काढणारा चेहरा दाराएवढा मोठा, त्याखाली बाईंचं ते वाक्य, बाईंचं नाव, आणि ‘आपल्या शिक्षिकाही हेच म्हणतात’. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कापलं होतं बरोब्बर ‘पण’च्या आधी. इतकं नेमकं कापणारा बाईंच्याच वर्गात बसलेला असणार. आणि तसंच निघालं. कॅप्टनचा कारकून रोमनिक, बाईंचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. त्याची आई इसिंग त्याच किनाऱ्यावर मासे वाळवते. जन्मदात्रीची जागा विकायला निघालेला निर्लज्ज!

बायकांनी बाईंशी बोलणं टाकलं. इसिंग तर बाईंना बघून रस्त्यावर थुंकली. आपल्याच पोराचा हा उद्योग आहे हे तिला कुठे ठाऊक? बाईंनी रोमनिकला बेकरीसमोर गाठलं तेव्हा मी सोबत होते. त्याने मान खाली घालण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

“मीच कापलं, बाई. कुठे कापायचं ते तुम्हीच शिकवलंत.”

बाई पांढऱ्याफटक पडल्या. मी त्यांच्या जागी असते तर कानाखाली वाजवली असती.

किनाऱ्याचा निर्णय करायची गावसभा बास्केटबॉलच्या शेडखाली भरली. आलेल्या हरकती वाचून दाखवायचं काम रोमनिकचं. बाईंचा कागद त्याने ‘पण’पाशी आणला आणि खाली ठेवला. मागच्या बाकावरून बाई उठल्या.

“पुढचं वाच.”

कॅप्टन म्हणाला, वेळ संपली. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “रोमनिक, पुढचं वाच.”

त्याने कॅप्टनकडे पाहिलं, मग आईकडे. कागद उचलला आणि वाचायला लागला. दोन्ही पानं, न अडखळता, वर्गात वाचायचा तसा. वाळवणीचे मांडव वाऱ्याच्या खालच्या बाजूला हलवले तर वास गावात येत नाही. या मासळीवर किती घरांच्या चुली पेटतात. आणि बायकांना हटवून पाठवणार कुठे, हे एकाही साहेबाने सांगितलेलं नाही. कॅप्टनची माणसंसुद्धा माना डोलवायला लागली. हात वर झाले, किनारा बायकांकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी रोमनिकची नोकरी गेली. संध्याकाळी मी बाईंकडे बसले होते, तेव्हा इसिंग त्यांच्या फाटकाशी आली. मला वाटलं आभार मानायला आली असेल, मी कॉफी टाकायला उठले. ती आत येईना.

“जागा राहिली, बाई. मलाही हवी होती, नाही कशाला म्हणू. त्याहून जास्त मला माझा पोरगा इस्त्रीच्या शर्टात हवा होता. उद्यापासून तो माझ्यासोबत मासे चिरणार. तुमचा निबंध तेवढा पास झाला.”

माझं रक्त उसळलं. तुझ्या लेकाने काय दिवे लावले ते ऐकायचंय का, असं विचारायला मी पुढे झाले, तर बाईंनी हात धरून मला मागे ओढलं. इसिंग निघून गेली.

“तिचं म्हणणं खरं आहे,” बाई म्हणाल्या.

मी पुढच्या ‘पण’ची वाट बघत उभी राहिले. बाईंनी फाटक लावून घेतलं.